खुळ्याच्या पानातला कुत्रा

नाही गं, नारिंगी नव्हतं — निळं. नारिंगी ते दाराशी टांगलंय बघ, तसंच्या तसं, नवंकोरं. शंभरदा सांगितलं असेल मी डंकनला, की बाबा रे, रानात जाताना लांबून दिसेल असं काहीतरी अंगावर घाल, तर म्हणतो, हेझल, मी सापळे बघायला चाललोय, वरातीत नाही. निळं जाकीट, राखाडी लोकरीची टोपी — मीच विणलेली, एका कानावर जरा ढगळ झालीय — आणि तेच ते जुने बूट. हे सगळं काल संध्याकाळी सांगितलं होतं मी तुमच्या त्या उंच साहेबांना. तू परत विचारतेयस म्हणजे — नको, सांगू नकोस. ‘अजून काही नाही’ एवढंच सांगणार ना? मग ते मला माहितीय. काल सकाळी गेलेला नवरा आज दुपार कलली तरी घरी नाही, हे कळायला मला पोलीस लागत नाहीत. बस तू. आणि गणवेश घालून ‘आंटी’ म्हणतेस ना, मला कसंतरीच होतं, मेरेआना — एवढीशी होतीस, आजीचा हात धरून ह्याच स्वयंपाकघरात यायचीस, आणि बिस्किटांचा डबा मी कुठे लपवलाय ते डंकनच्या आधी तुला कळायचं. बस ना. — अगं अगं, कप तिथे नको! ते पान ओलं आहे.

ओलं म्हणजे वरचा रंग तेवढा सुकायचा राहिलाय — ह्या हवेत वाळतंय कुठे काही! हो, हीच ती माझी टॅरोची पानं. तुझी आई हसायची मला, आणि हसत हसत दर महिन्याला येऊन पानं काढून घ्यायची — नोकरी टिकेल का, तो माणूस बरा आहे का, सगळं. तेव्हा माझ्याकडे दुकानातून आणलेला संच होता, सिंह, गरुड, लांडगे असलेला. एक दिवस ती म्हणाली, हेझल, ह्यातला एकही प्राणी मी जन्मात बघितला नाही, मग ह्यांना माझ्याबद्दल काय कळणार? झालं. तिथून हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं. खरंच की — आपल्या ह्या जगाच्या टोकावरच्या बेटावर लांडगा कुठला? सिंह बघायचा तर तिकीट काढून बघावा लागतो. मग म्हटलं, आपले प्राणी घेऊन आपला संच काढू. अठ्ठ्याहत्तर पानं. आणि नियम केला — आता वाटतं कशाला केला, पण केला — की फोटो बघून काढायचं नाही. जो प्राणी मी जवळून बघितला नाही, ज्याचा वास मला माहीत नाही, तो पानावर येणार नाही. डंकन म्हणायचा — म्हणतो. डंकन म्हणतो, तुझ्या नियमापायी आपल्या घराचा खाटीकखाना झालाय. फ्रीजमध्ये बर्फाच्या खणात अजून आहे बघ एक ससाणा, रस्त्यात गाडीखाली आलेला, वाटाण्यांच्या पिशवीशेजारी झोपलाय. मागे एकदा डंकनचा दोस्त बेव्हन बर्फ घ्यायला गेला आणि किंचाळत बाहेर आला. एवढा मोठा पुरुष!

हे बघ, हे तुला आवडेल. बळाचं पान. जुन्या संचांत एक बाई असते, सिंहाचा जबडा नुसत्या हातांनी मिटवते. मी काय काढलं? कंबरभर पाण्यात उभी बाई, आणि तिनं दोन्ही हातांनी देवमाशाचं डोकं तोलून धरलंय, श्वासाचं भोक पाण्याखाली जाऊ नये म्हणून. त्या वर्षी अख्खा कळप वाळूच्या दांड्यावर येऊन अडकला होता तेव्हा तूही होतीस की — बादल्या आणत होतीस, रडत होतीस, आणि तुझी आजी ओरडत होती, रडायचं तर रड, पण पाणी सांडू नकोस! ह्यात बळ कुणाचं, बाईचं का माशाचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. ती बाई मी नाही हं. नाक बघ की जरा. तुझी आजीच आहे ती. तिला दाखवायचं राहून गेलं माझ्याकडून.

आणि संन्याशाच्या पानाला तर डोकं चालवावंच लागलं नाही — किवी. एकटा, रात्रीचा, लांब चोच काठीसारखी टेकत टेकत चालणारा. डंकनला भारी आवडलं ते. त्याचा जीवच आहे त्या किवींवर. निवृत्त झाल्यावर दुसरी माणसं मासे मारतात, बागेत खुरपत बसतात, ह्यानं सापळेवाल्यांचं मंडळ काढलं — पाखरांची अंडी-पिल्लं खाणारे उंदीर आणि स्टोट मारायचे, म्हणजे किवी वाचतील. आता अध्यक्ष आहे त्यांचा. नाकासमोर चालणारा अध्यक्ष. प्रत्येकाला आपापली सापळ्यांची रांग नेमून दिलेली, डंकनची खाली ओढ्याकाठी, बेव्हनची वर डोंगराच्या धारेवर, असं. हो — ओढ्याकाठी. तेच सांगितलं मी काल. घरामागच्या फाटकातून बाहेर पडायचं, वाट फुटते तिथून डावीकडे खाली. सगळं सांगितलंय मी. तू लिहून घेतलंयस ना? मग झालं तर.

काय खरखरतंय ते तुझं यंत्र? काय म्हणतायत? ... ओढ्याचे दोन्ही काठ झाले? खाली दोन ओढे मिळतात त्या दुफाट्यापर्यंत? बरं. — पुन्हा बघणार? बघू देत. मंडळाची माणसं सोन्यासारखी आहेत, पहाटेपासून पाण्यात उभी आहेत ती. मग तिथून पुढे कुठे जातील? नाही, सहज विचारलं. वरबिर बघतील का कुठे? उगाच आपलं. तू चहा घे, गार होतोय. ढग कसे उतरलेत बघ, ह्यात हेलिकॉप्टर काय कपाळ उडणार. काल सकाळी लख्ख होतं गं, समुद्र दिसत होता इथून. तो धोक्याची खूण पाठवायचा डबा? तो काय फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. नेला नाही. जेवायला येतो म्हणाला होता, मग तो कशाला न्यायचा — असं त्याचं म्हणणं. मी? मी काय म्हटलं ते आठवत नाही मला. मी रंग कालवत होते.

मृत्यूच्या पानाबद्दल सगळे आधी विचारतात, तू नाही विचारलंस. पोलिसांना विचारावंसं वाटत नसेल. सांगते तरी — नाही, बोलू दे मला, मेरेआना, मी गप्प बसले की मला त्या ओढ्याचा आवाज येतो. मृत्यूचं पान म्हणजे नाचण काढायची, हे इथे कुणीही सांगेल. नाचण घरात शिरली की घरातलं कुणीतरी जाणार, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मला ते पटेना. एवढंसं पाखरू, माश्या धरायला आत येतं, शेपटीचा पंखा नाचवतं आणि जातं, त्याच्या डोक्यावर हे खापर कशाला? मग मी घुबड निवडलं, आपलं रात्री दोन शब्दांत हाक मारणारं छोटं घुबड. छान रेखाटन झालं होतं. तुझी आजी इथेच, तू बसलीयस तिथेच बसली होती. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हेझल, हे आमच्या घराचं राखणदार आहे. राखणदाराला मारेकरी करू नकोस. एवढंच. मी वाद नाही घातला हो. तिच्यासमोरच फाडलं. दुसऱ्याच्या घरचा देव आपल्या पत्त्यात आणून बसवायचा नसतो, एवढी अक्कल आहे मला, आणि नसती तर तुझ्या आजीनं दिली असती. मग खूप दिवस ते पान कोरं राहिलं. आणि एकदा डंकननं मला ओढ्याच्या डोहाशी नेलं, कॉड-लिव्हरच्या तेलात भिजवलेला मांसाचा तुकडा पाण्यात धरला, आणि खालून आली — वाम. सापासारखी लांब, मांडीएवढी जाड, माझ्या आईच्या वयाची असेल. डंकन म्हणाला, ही बघ तुझं पान. जन्मभर एकाच ओढ्यात राहते, एकाच चिखलात, सगळ्यांना वाटतं हिला कुठे जायचंच नाही. आणि मग म्हातारपणी एक दिवस पूर येतो आणि ही निघते. खाडी ओलांडून, सगळा समुद्र पोहून जाते, तिकडे कुठेतरी अंडी घालते आणि तिथेच — तिला कुणी मारत नाही, ती आपली आपण जाते. परत काही —

उलटं कर ते पान. ते, तुझ्या डाव्या हाताशी. उलटं करून ठेव म्हणते ना!

हं. काही नाही झालं मला. हात काय धरतेस?

मला सांग, तू आत्ता माझ्याकडे अशी का बघत होतीस? मी जास्त बोलतेय म्हणून? मी नेहमीच जास्त बोलते. डंकन म्हणतो, तुझ्या पानांना वाचायची गरजच नाही, तूच इतकं सांगतेस की माणूस घाबरून खरं बोलतो. हे बघ, आम्ही भांडलो वगैरे नाही, तुला तसं वाटत असेल तर. म्हणजे नेहमीचं. सैतानाच्या पानावरून चाललं होतं ना आमचं गेला महिनाभर! सगळा संच झाला, हे एक सोडून. शुक्रवारी छापखान्यात जायचाय. सैतान म्हणजे स्टोट, ह्यात काय विचार करायचा, असं माझं म्हणणं — मुंगसासारखा लांबडा, पांढऱ्या गळ्याचा, स्वतःहून मोठं जनावर मारणारा, भूक नसताना मारणारा. किवीचं पिल्लू म्हणजे त्याला खाऊ. तर डंकन — जो इतकी वर्षं स्टोटच मारत आलाय तो डंकन — मला म्हणतो, तो सैतान नाही. त्या बिचाऱ्याला काय माहीत तो सैतान आहे? त्याला कुणी आणला इथे? आपल्याच पणज्यांनी आणला, बोटीत घालून, ससे मारायला. आणि ससे कुणी आणले? तेही आपणच. पानावर आरसा लाव, म्हणाला, आणि खाली ‘सैतान’ असं लिही. मला इतका राग आला! कारण बरोबर होतं गं ते. मग मी तडजोड काढली — स्टोटच काढायचा, पण नुसता त्याचा चेहरा, समोरून, डोळ्यांत डोळे घालून बघणारा, म्हणजे बघणाऱ्यालाच वाटेल की हा आपल्याकडे काहीतरी मागतोय. पण त्याला चेहरा तर हवा! डंकनचे सापळे जुन्या तऱ्हेचे. डोक्यावरच बसतो फटका. तो आणतो त्यातल्या एकाला धड तोंड नसतं. आणि फोटोवरून मी काढणार नाही. नियम. माझा नियम! म्हणून ते पान अजून —

असो. ते राहू दे. हे बघ, हे खुळ्याचं पान. पहिलं पान. हे डंकनचंच चित्र आहे, ओळखलंस का? टोपी तीच. लाकडांच्या ढिगावर उभा केला होता त्याला, एक पाय हवेत, आणि म्हटलं, वर बघ, आभाळात, बावळटासारखं. म्हणाला, त्यासाठी काही वेगळं करायला नको. तर जुन्या पानात काय असतं, एक तरणाबांड पोरगा कड्याच्या टोकावर, वर बघत चाललेला, पुढच्या पावलाला खाली जमीन नाही ह्याचा त्याला पत्ता नाही, आणि पायाशी एक कुत्रा. आता तो कुत्रा त्याला मागे ओढतोय का पुढे ढकलतोय, ह्यावर जाणकार लोक भांडतात. मी म्हणते ओढतोय. कुत्रा आहे तो, ओढणारच. मी टफीलाच काढलं होतं तिथे, जाकिटाचं टोक दातांत धरलेलं. इतकं झकास उतरलं होतं! आणि डंकननं बघितलं आणि हसला — आणि मग त्याच्यातला अध्यक्ष जागा झाला. म्हणाला, हेझ, हा कडा कुठला? म्हटलं, कुठलाही, धारेवरचा समज. म्हणाला, धारेवर कुत्रा? किवींच्या रानात? अगं, मी लोकांना घसा फोडून सांगतो, की कुत्र्याचं एक पाऊल तिथे पडता कामा नये, कुत्र्यानं नुसतं खेळायला तोंडात धरलं तरी किवी मरतो, आणि माझ्याच बायकोच्या पत्त्यांत माझाच कुत्रा धारेवर? खोड तो. मी म्हटलं, चित्र आहे रे ते. म्हणाला, चित्र बघूनच माणसं करतात. आणि खोडला मी. तीन दिवस घासत होते तो कोपरा. त्या जागी वेका घातला, हा बघ, कोंबडीएवढा, पंख असून न उडणारा चोर. शोभतो की नाही खुळ्याला? सगळे म्हणतात, काय सुचलंय, किती इथलं आहे! पण नीट बघ. वेका त्याला ओढत नाहीये. तो बुटाची नाडी सोडवतोय, पळवायला. कडा पुढे आहे आणि पायाशी सावध करणारं कुणी उरलंच नाही त्याच्या. काल रात्री हे माझ्या लक्षात आलं. म्हणजे आधी रंगवताना आलं नाही आणि काल रात्री —

काय? काय म्हणालीस?

टफी? आहे ना, तो काय चुलीपाशी. घरीच आहे. मग? — हो, ओढ्याच्या रांगेला जातो तो डंकनबरोबर. रोज जातो. ओढ्याकाठी कुठले किवी, तिथे जायला त्याला कोण अडवतंय. तुला कुणी सांगितलं? अगं सगळ्यांनाच माहितीय ते, त्यात काय एवढं. काल नव्हता गेला. पाय दुखावलाय त्याचा. पुढचा. डावा. काच लागली ना — टफी, बस. बस म्हणते. अरे बस की मेल्या! — दारात काय नाचतोयस? तुला वाटलं ना, डंकनचं नाव घेतलं म्हणजे आला...

नको बघूस त्याच्या पायाकडे.

नको गं. तुझी आजी अशीच बघायची. एकदा बघितलं की माणसानं आपण होऊनच घुबड फाडावं.

धारेवर गेलाय तो. बेव्हनच्या रांगेला. म्हणून टफी घरी. — थांब, थांब, मला सांगू दे, एकदाच सांगू दे, मग परत माझ्याच्यानं व्हायचं नाही. बेव्हनचे सापळे नव्या तऱ्हेचे आहेत, मानेवर बसतात, तोंड शाबूत राहतं. आणि बेव्हन गेला पंधरवडा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपायी नेल्सनला इस्पितळात पडून आहे, त्याची रांग कुणी बघितली नाही, म्हणजे काहीतरी मिळणारच होतं तिथे. पण दुसऱ्याच्या सापळ्याच्या खोक्याला हात लावायचा नाही, हा मंडळाचा पहिला कायदा. आणि कायदा कुणाचा? डंकनचा. गेल्या वर्षी त्या एका पोराला भर सभेत बाहेर काढलं त्यानं, दुसऱ्याच्या रांगेतला स्टोट उचलून आपल्या मोजणीत धरला म्हणून. तो पोरगा रडत गेला. आणि आता हाच — लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतील ना सगळे? — हाच बेव्हनच्या खोक्यातून बायकोसाठी चोरून स्टोट आणायला निघाला. का निघाला? मी बोलले. परवा रात्री जेवताना बोलले. म्हटलं, सगळ्या खाडीत मोठे शिकारी म्हणून मिरवता, आणि बायकोला एक धड तोंडाचा स्टोट देता येत नाही. त्यानं ताट उचलून ठेवलं. काल सकाळी टफीला आत कोंडलं आणि म्हणाला, वर जाऊन येतो. कुणाला बोलू नकोस. मी ‘नको जाऊस’ म्हटलं असं मी काल रात्रभर स्वतःला सांगतेय. नाही म्हटलं. मी म्हटलं, जपून आण हं, त्याच्या मिशा दुमडू देऊ नकोस.

त्याच्या मिशा! स्टोटच्या!

आणि संध्याकाळी तुमचे साहेब आले, तेव्हा मंडळाची सगळी माणसं इथे उभी होती, ओले बूट घेऊन, माझ्या ह्या फरशीवर. साहेबांनी विचारलं, कुठे गेलेत? सगळे माझ्याकडे बघत होते. काय सांगू? मी म्हटलं, त्याच्या रांगेला, दुसरीकडे कुठे जाणार? एकदा तोंडातून गेलं ते गेलं. वाटलं, येईलच की तासाभरात, मग झाकली मूठ राहील. मग वाटलं, उतरताना तो ओढ्याकडूनच उतरेल, तिथे सापडेलच. मग अंधार पडला. मग मला स्वतःलाच वाटायला लागलं की ओढ्यालाच गेला असेल, शेवटच्या क्षणी मन बदललं असेल त्याचं, तसा तो सरळ माणूस आहे. पहाटे ती माणसं निघाली आणि मी त्यांना डबे भरून दिले, मेरेआना. माझ्या हातानं भरून दिले आणि पाठवलं — डावीकडे. त्याची अब्रू राखत बसले मी. कुणापासून? आत्ता पाण्यात उभं राहून त्याच्या नावानं हाका मारतायत त्यांच्यापासून!

बोल त्या यंत्रावर. आत्ता. माझ्यासमोर बोल. धार म्हण, उजवीकडची वाट, बेव्हनची रांग. झाडांमधून वर गेलं की धारेचा उघडा भाग लागतो, त्याच्या पुढे ह्या हिवाळ्यात दरड आली आणि वाट गेली, तिथे बेव्हननं दोरी बांधलीय. दोरीपाशी आधी बघा. दोरीच्या खाली बघा. आणि ‘नवी माहिती हाती आली’ असलं काही गुळमुळीत म्हणू नकोस, कळलं? हेझलनं खोटं सांगितलं, असं म्हण. सगळ्यांना ऐकू जाऊ दे. डंकन चोरी करायला गेला होता, बायकोच्या सांगण्यावरून, हेही म्हण. म्हण! मी सांगतेय ना म्हण.

... काय म्हणाले? किती वेळ? — नको. मला आकडा नको. परत फाटकापर्यंत यावं लागणार त्यांना, माहितीय मला, खाली पार दुफाट्यापर्यंत नेऊन सोडलंय मी त्यांना. तू मग काय करतेयस इथे? फाटक ह्या दारातून दिसतंय, तुझ्या पायांत बळ आहे, तू त्यांच्या आधी वर पोचशील. ते नारिंगी जाकीट घे. घे, घाल, मोठं होईल, होऊ दे. टफीलाही घे. हो, धारेवर! किवींचं मी बघते, मंडळाचं मी बघते, काढू देत त्याला अध्यक्षपदावरून, काढू देत मला गावातून — तो हाकेला ओ देत नसेल तर कुत्र्याला वासानं कळेल. घे म्हणते ना त्याला.

आता परत ‘आंटी’ म्हणू नकोस. माझ्याजवळ कुणी बसायला नको. काल संध्याकाळपासून सगळ्यांना भलतीकडे गुंतवून ठेवलं, तेवढं पुरे झालं माझं. जा. अगं, बघतेस काय — जा!